मेंढरं किती

जुलैत सकाळी नऊलाही
पुन्ता अरेनासमध्ये रात्रच असते.
वाऱ्याच्या दिवसांत कडेने दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
यास्ना एक दोर सोडत दुसरा धरत कचेरीत आली,
ओला मफलर हीटरवर टाकला
आणि एलिसेओ मान्सियाची वही उघडली,
म्हणजे वहीची फाईल.

साल एकावन्न. सामुद्रधुनीपलीकडचं कुरण.
एकच रकाना: मेंढरं किती.
कुणा पोराने शाई बघून टाईप केलेलं,
जसंच्या तसं, खाडाखोडीसकट.
मालकाच्या नातवाला भिंतीवर आलेख हवाय.

"३१२".
दिसायला आकडा. यंत्राला नुसती तीन चित्रं,
दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली,
ओळख ना पाळख.
त्यात "१" मिळवायला जावं तर "३१२१" होतं.
एक कोकरू जन्मलं
आणि रातोरात कळप दहापट.

म्हणून तिने फंक्शन लिहिलं, चार ओळींचं:
हातचा शून्य घेऊन डावीकडून निघ,
जे हाताशी आहे त्याला दहाने गुण,
समोरचा अंक त्यात टाक, पुढे सरक.
तीन. एकतीस. तीनशे बारा.
एलिसेओ खांबावर विसाला एक खाच करायचा म्हणे.
तेही फंक्शनच, चाकूने लिहिलेलं.

"०१०" आलं तेव्हा ती हसली.
एका जुन्या भाषेत तिने हे भोगलं होतं:
पुढे शून्य दिसलं की यंत्र आठच बोटांवर मोजायचं,
दहाची आठ व्हायची,
दोन मेंढरं कुंपणाच्या आतच गहाळ.

मग "४० मेली".
फंक्शन स्वभावाने मवाळ.
अंक संपेपर्यंत वाचलं,
पहिल्या अक्षरापाशी डोळे मिटले,
म्हणालं, चाळीस.
आणि पडद्यावर चाळीस मेंढरं
चरायला लागली, धडधाकट.

तिने खुर्ची मागे सरकवली.
माते थंड झाला होता, तरी प्याली.

आता कडक नियम. अंकाशिवाय काहीही दिसलं
तर उभं राहायचं, ओरडायचं.
यंत्र ओरडत सुटलं.

"मोजली नाहीत. बर्फ कडीपर्यंत."
"८ की ९, बोटं बधिर."
"कालच्याइतकीच, बहुतेक."
"कुत्रा आला नाही."
"आज रोसाऊरा"

पुढे काही नाही.
तिने मूळ पानाचा फोटो मोठा केला,
अजून मोठा केला.
टिंबसुद्धा नाही. नावानंतर कागद,
आणि दुसऱ्या दिवशी, त्याच हाताने, "२७१".

न जमल्यास शून्य घालावं,
असं कामाच्या कागदात लिहिलं होतं.
तिने घातलं.
आलेख विहिरीत पडल्यासारखा तळाला गेला:
त्या दिवशी बेटावर एकही मेंढरू नव्हतं.

पण असणार. ओलं, एकमेकांना चिकटून,
वाऱ्याकडे पाठ करून, सगळीच्या सगळी.
फक्त फाटकापाशी कुणी गेलं नव्हतं.
शून्य लिहायलाही जावं लागतं,
रिकामा वाडगा बघून परत यावं लागतं.

तिने शून्य खोडलं.
शेजारी नवा रकाना उघडला
आणि त्याला अक्षरं अक्षरंच राहू देण्याची मुभा दिली.

नातवाला फोन लावला.
"आलेखात भोकं राहतील," ती म्हणाली.
"भोकं? किती?"

खिडकीबाहेर आता कुठे उजाडत होतं,
दोराला धरून एक म्हातारी थांबत थांबत चालली होती.

यास्नाने पुन्हा वरपासून सुरुवात केली,
पडद्यावर बोट ठेवत, ओठ हलवत.
वेळ लागला. तो लाईनवर खोकत राहिला.

"एकोणीस."